कोकिळावहिनी आणि बारा डिमर

दयारामभाऊंच्या हाताला कंप सुटला तेव्हा ते जेमतेम अडतीस वर्षांचे होते. खामगावच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ नुसता ऐकून त्यातलं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. पण हातच थरथरायला लागला तर सोल्डर कसं करणार? एके दिवशी कथिलाचा तापलेला थेंब गिऱ्हाइकाच्या रेडिओच्या कॉइलवर पडला. भाऊंनी दुकान बंद केलं आणि घरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

त्यांची बायको कोकिळा जानेफळच्या माळ्याघरची, चौथीपर्यंत शिकलेली. लहानपणापासून कांद्याची, वांग्याची रोपं लावून तिची बोटं तयार झालेली. ती म्हणाली, "डोकं तुमचं थोडीच थरथरून राह्यलं? तुमी सांगत जा. माहे हात हायेत ना."

भाऊ तेव्हा हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मोडका रेडिओ तिच्यापुढे ठेवला.

दोन वर्षं ती शिकत होती. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे म्हणजे आकडे असतात. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन. भाकरी थापताना ती ते पुटपुटायची. दुकान पुढे, घर मागे. गिऱ्हाइकानं आणलेला रेडिओ मागे जायचा, दुरुस्त होऊन पुढे यायचा. बाईच्या हाती रेडिओ द्यायला त्या काळी कोण तयार होतं? सगळ्यांना वाटायचं, दयारामचा हात बरा झाला. मला खरं कळलं ते अचानक. मी शाळामास्तर, आणि आमच्या हौशी नाट्यमंडळाचा चिटणीस. एकदा पाणी प्यायला आत गेलो, तर वहिनी पाटावर बसून सोल्डर करत होत्या आणि भाऊ शेजारी बसून बोलत होते. मी ते कुणाला सांगितलं नाही.

मग चौऱ्याहत्तर सालचा हिवाळा आला. आमच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात पहाट होत होती. आमच्या सभागृहात दिवे एकतर लागायचे, नाहीतर विझायचे. अशी खटकन होणारी पहाट आम्हाला नको होती. म्हणून अकोल्याच्या पंजाबरावांकडून डिमरचा संच भाड्यानं आणला. डिमर दिव्याचा उजेड हळूहळू वाढवतो, हळूहळू उतरवतो. असे बारा डिमर एका लोखंडी कपाटात, रंगमंचाच्या बाजूला. त्यांना हुकूम देणारं टेबल मात्र प्रेक्षकांच्या मागे. टेबल एका बनावटीचं, डिमर दुसऱ्या बनावटीचे, त्यामुळे एकाचा इशारा दुसऱ्याला कळत नसे. म्हणून मध्ये एक लहान पेटी होती, कन्व्हर्टर. टेबलाचा इशारा डिमरला कळेल असा करून ती पुढे पाठवायची. पेटीपासून कपाटापर्यंत दोन जाड केबली, सहा सहा डिमरसाठी एकेक, आणि प्रत्येकीच्या जोडावर अनेक पिनांचा कनेक्टर.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी अकराला ट्रकमधून उतरवताना ते कपाट निसटलं आणि नेमकं त्या दोन कनेक्टरांवर पडलं. दोन्ही चेपून चपाती झाले.

पंजाबराव डोक्याला हात लावून पायरीवर बसले. "मास्तर, हे इकडं कुठी भेटत नाई. मुंबईहून मागवा लागते."

संध्याकाळी साडेसातला पडदा उघडायचा होता. मी सायकल काढली आणि दयारामभाऊंना घेऊन आलो. भाऊंनी कपाट पाहिलं, पेटी उघडून पाहिली, फुटके कनेक्टर हातात घेतले. "डिमरले काई झालं नाई. पेटीले काई झालं नाई. मधातला जोडच गेला. तेवढाच नवा करा लागते."

पंजाबरावांचं लक्ष भाऊंच्या थरथरत्या बोटांकडे होतं. "करीन कोन, भाऊ? पंधरा तारा हायेत. एक इकडची तिकडं झाली त पेटी जळते."

भाऊंनी कनेक्टर खाली ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माही बायको करते."

घरी जाऊन त्यांनी वहिनींना सारं सांगितलं. मी दारात उभा होतो. आजवर चार लोकांसमोर वहिनींनी कधी काम केलं नव्हतं, आणि सभागृहात तर पंचवीस माणसं होती. त्या म्हणतील नाही, असं मला वाटलं. त्यांनी हाताला लागलेलं पीठ धुतलं आणि विचारलं, "मेन कुठी हाये तिथला?"

टोपलीत अवजारं आणि सात-आठ जळके वाल्व, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, घेऊन त्या आल्या. घरोघरी ट्रान्झिस्टर आल्यापासून जुने वाल्वचे रेडिओ अडगळीत निघाले होते. त्या वाल्वच्या काचेखाली एक काळं बूड असतं, त्याला आठ पिना आणि मधोमध उंचवट्याचा खुंट. तो खुंट खाचेत बसल्याशिवाय पिना आत जातच नाहीत, त्यामुळे उलटसुलट जोडण्याची भीती नाही. तेच बूड वहिनी कनेक्टर म्हणून वापरणार होत्या. रेडिओत ज्या खोबणीत वाल्व बसतो, त्या खोबण्याही त्यांनी काढून आणल्या होत्या.

आधी त्यांनी मेन स्विचमधले तिन्ही फ्यूज काढले आणि पदराच्या टोकात बांधून टाकले.

"बाई, फ्यूज राहू द्या ना तिथंच," पंजाबराव म्हणाले.

"कोनी चुकून लाईन चालू केली त? माह्याजवळच राहू द्या."

मग वाल्व फडक्यात गुंडाळून काचा फोडल्या, पिना तापवून आतलं जुनं कथिल झटकून काढलं. तारांवरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते. भाऊंनी सेल आणि टॉर्चचा बल्ब घेऊन एकेक तार शोधायला सांगितली. पंजाबराव एका टोकाला, वहिनी दुसऱ्या टोकाला. "पेटला?" "हाव." तार सापडली की वहिनी तिला शिंप्याकडून आणलेल्या दोऱ्याची गाठ मारायच्या. पहिलीला तपकिरी, दुसरीला लाल, तिसरीला नारिंगी, आणि सगळ्यांची वीज परत नेणाऱ्या सामाईक तारेला काळा. दुसऱ्या केबलला कपाटाकडून आठ तारा निघाल्या आणि पेटीकडून सातच. एक जादाची असेल म्हणून ती मोकळी सोडली.

चारच्या सुमाराला सगळ्या तारा पिनांना सोल्डर होऊन दोन्ही जोड तयार झाले. प्रत्येक खोबणी बूटपॉलिशच्या डबीत बसवून वरून पोस्टातल्यासारखी लाख ओतली होती. फ्यूज लागले. पंजाबरावांनी टेबलावरची पहिली दांडी सरकवली आणि पहिला दिवा मऊ उजळत गेला. सहाही दिवे नीट. टाळ्या पडल्या. मग सातवी दांडी सरकवली. दिवा उजळेना. आठवी, नववी, तेच. दुसऱ्या केबलवरचे सहाही दिवे नुसते लुकलुकत राहिले.

"पेटी गेली," पंजाबराव हळूच म्हणाले. भाऊंनाही दोष सापडेना.

फुटक्या कनेक्टरचे तुकडे वहिनींनी फेकू दिले नव्हते. ते टोपलीतून काढून त्या उजेडाला धरून बघत राहिल्या. पाच मिनिटं असतील, पण आम्हाला तास वाटला.

"आवो, हे पाहा," त्या भाऊंना म्हणाल्या. "आतमधी सातव्या न् आठव्या पिनीले केसासारखी तार जोडून हाये. ती आठवी जादाची नाई. सातवीसारखी तीबी परतीचीच हाये."

भाऊंनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बरोबर. मले नाई दिसलं हे."

फ्यूज पुन्हा पदरात गेले. लाख फोडून आठवी तार काळ्या दोऱ्याच्या तारेला जोडली. यावेळी सातवा दिवा उजळला, आठवा उजळला, आणि पंजाबरावांनी टेबलामागून मोठ्यानं विचारलं, "बाई, कुठी शिकल्या तुमी?"

"यायच्यापाशी," भाऊंकडे मान करून वहिनी म्हणाल्या.

साडेसातला पडदा उघडला. तिसऱ्या अंकात पहाट झाली ती अशी, की पुढच्या रांगेतल्या कुणीतरी खोकलायचं थांबवलं. नाटक संपल्यावर मी वहिनींना विचारलं, कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "नाटक कुठी पाह्यलं मी? नववा दिवा दोनदा लुकलुकला. त्याची पिन खोबणीत ढिली हाये, सकाळी येऊन आवळून देतो."

आणि आल्या.

दुसऱ्या दिवशीपासून त्या दुकानातच पुढे बसू लागल्या. पहिल्या महिन्यात दोघातिघांनी रेडिओ परत नेले. भाऊंनी कुणाला अडवलं नाही. पुढे सभागृहानं स्वतःचा डिमरसंच घेतला तेव्हा जोडणीसाठी समितीनं ठराव करून बोलावलं ते कोकिळावहिनींना. पंजाबराव दर दोन महिन्यांनी अकोल्याहून यायचे, एखादी तुटकी केबल घेऊन. नंबर येईपर्यंत बाकड्यावर चहा पीत बसायचे, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "घाई करू नोका भाऊ. ह्या बाईनं केलेला जोड पुन्हा उघडा लागत नाई."