अडकलेला पट्टा

आमच्या सरांना प्रथिन डीएनएला चिकटतं का, हे शोधायचं नव्हतं. ते चिकटलेलं त्यांना हवं होतं.

पद्धत साधी आहे. डीएनएच्या तुकड्याला चमकणारा रंग जोडायचा, तो पातळ जेलमध्ये सोडायचा आणि वीज लावायची. नुसता तुकडा भराभर खाली पळतो. प्रथिन चिकटलं असेल तर तो जड होऊन मागे राहतो आणि त्याचा चमकणारा पट्टा वर दिसतो. जेलच्या शेजारच्या खान्यात भरपूर परका, बिनरंगी डीएनए मिसळायचा. तरीही पट्टा टिकला, तर प्रथिन आपला तुकडा ओळखतं असं म्हणता येतं. मात्र दोन्ही खान्यांत पट्टा अगदी खान्याच्या तोंडाशीच अडकला, तर प्रथिन खराब होऊन त्याचे गोळे झालेले असतात.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. खंडेनवमीला सरांनी प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा ठेवली होती. दुपारी मी पोचले तेव्हा फ्रिज बंद, धुऊन पुसलेला, त्यावर झेंडूची माळ. माझ्या प्रथिनाच्या नळ्या खिडकीत, उन्हात.

"सरांनीच सांगिटलंतं आक्का," प्रयोगशाळेतले मामा म्हणाले. "पूजंला फ्रिज खरकटा नको म्हणून."

त्या फ्रिजमध्ये सरांचा डबाही असायचा. खरकटं त्याचंच होतं.

दसऱ्यानंतर जेल लावलं. दोन्ही खान्यांत पट्टा तोंडाशी.

"वर हाय न्हवं? मग चिकटलाय," सर म्हणाले. ते खानापूरकडचे, खूश झाले की गावची बोली यायची.

"सर, नळ्या उन्हात होत्या. परक्या डीएनएच्या खान्यातही तसंच आलंय."

"ते खानं काप की गं फोटोतनं. शुक्रवारी समिती हाय."

मी मान डोलावली. दोन वर्षं मी तेवढंच करत आले होते, आणि त्याला लोक संस्कार म्हणायचे. पण तो फोटो माझ्या प्रबंधात, माझ्या नावावर जाणार होता.

शुक्रवारी प्रबंधाची प्रगती तपासणाऱ्या समितीपुढे मी न कापलेला फोटो पडद्यावर लावला. वाटलं, कुणीतरी विचारेल, म्हणजे मला तोंड उघडावं लागणार नाही. समितीतले तिघे काजू खात होते. एकजण म्हणाला, "पट्टा सुंदर आलाय." सरांनी नम्रपणे मान झुकवली.

"तो पट्टा नाही," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "प्रथिन खराब झालं होतं. यावरून काहीच सिद्ध होत नाही."

"पोरगी लाजाळू हाय, गडबडली," सर हसत म्हणाले.

"नाही सर. नळ्या उन्हात होत्या."

समितीने पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं. मग कागदावर लिहिलं: प्रयोग पुन्हा करावा, सहा महिने मुदतवाढ. सर त्यांना जेवायला कॅम्पातल्या हॉटेलात घेऊन गेले. मला कुणी बोलावलं नाही. मी नवं प्रथिन बनवणारे जिवाणू वाढायला लावले आणि फ्रिजच्या दारावर चिठ्ठी चिकटवली: विचारल्याशिवाय बंद करू नये. खाली सही माझी.