दारातला तरवड

दसऱ्याच्या सुमाराला बागेत पिवळा रंग हवा, म्हणून मी गावाबाहेरच्या माळावरून बिया आणून फाटकाजवळ तरवड लावला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "माळावरचं झुडूप कुणी दारात लावतंय व्हय?" नर्सरीतून आणलेली शोभेची झुडपं एका उन्हाळ्यात वाळली होती. हा मात्र पाण्यावाचून तगला आणि तिसऱ्या वर्षी भरभरून फुलला.

घटस्थापनेच्या सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आलो, तर झुडपावर एकही उमललेलं फूल नव्हतं. तसाच काकूंकडं गेलो. त्यांच्या घटावर तरवडाची हातभर लांब माळ सोडलेली होती.

"उद्याच्या माळेला कळ्या ठेवल्यात," काकू म्हणाल्या. "नऊ दिवस पुरायला पाहिजेत. जरा पाणी घालत जावा."