दुसऱ्या अंकाचा शालू

कुंदा गेली हे मला आमच्या मुलुंडच्या वाण्यानं सांगितलं. आमच्या बिल्डिंगीत कुणाकडेच फोन नाही, सगळ्यांचे निरोप त्याच्या दुकानात येतात. मी तूरडाळ घ्यायला गेले होते. त्यानं डाळ तोलली, पुडी बांधली, दोरा तोडला आणि मग म्हणाला, "ताई, घाटकोपरवरून फोन होता. कुंदाबेन ऑफ झाल्या." आधी पुडी बांधली आणि मग सांगितलं, याचाच मला पहिल्यांदा राग आला. घरी येऊन मी ती डाळ डब्यात भरली, झाकण लावलं आणि मगच खाली बसले. याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात जो भेटतो तो तिच्याबद्दल एकच सांगतो... "फार हौशी होत्या हो! नाटकाला काय नटून यायच्या!" ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. म्हणून हे लिहायला घेतलं. कुंदाला मी शाळेपासून ओळखत होते. ती हौस नव्हती.

आम्ही दोघी मुलुंडच्या एकाच कॉलनीत वाढलो. माझा आवाज फाटका, म्हणून शाळेत बाईंनी मला प्रार्थनेच्या रांगेतून मागं पाठवलं आणि कुंदाला पुढं उभं केलं. ती पुढंच राहिली. कॉलेज संपता संपता आमच्या कॉलनीच्या गणपतीत मंडळींनी एक संगीत नाटक बसवलं आणि नायिका झाली कुंदा. नाटकाचं नाव मी लिहीत नाही. ते मुळात करणारी नाटक कंपनी अजून चालू आहे आणि मला कुणाशी भांडण उकरून काढायचं नाही. आश्रमात साध्या साडीत वाढलेली मुलगी दुसऱ्या अंकात राजकन्या म्हणून दरबारात येते, एवढं कळलं तरी पुरे. आमच्या लोकांनी चालींपासून कपड्यांपर्यंत सगळं त्या कंपनीचंच उचललं होतं. जांभळा शालू, केशरी काठ, कोपरापर्यंत बाह्यांचा केशरी ब्लाऊज, वर जरीचा शेला, दंडात वाकी, नाकात नथ. भाड्यानं कपडे देणाऱ्या ड्रेपरीवाल्यानं आणलेल्या शालूला घामाचा वास मारत होता, तर कुंदाच्या आईनं स्वतःच्या लग्नातला जांभळा शालू काढून दिला आणि ब्लाऊज घरीच शिवला. त्या दिवशी मांडवात कुंदा गायली तेव्हा शेंगदाणेवाला टोपली घेऊन तसाच उभा राहिला होता. दोनदा वन्समोर घेतला तिनं. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं.

सासर घाटकोपरचं, माणसं मालवणकडची. नवरा मनोहर एका ऑफिसात कारकून. स्वभावानं गरीब, पण आईपुढं तोंड उघडायची प्राज्ञा नाही. त्या नाटक कंपनीत नव्या मुलींच्या परीक्षा घेताहेत असं कळल्यावर कुंदानं घरात विचारलं. सासूबाई पोळपाटावरून मानही वर न करता म्हणाल्या, "गाणा म्हण, किती व्हया तितक्या म्हण. पण घरात. स्टेजार जावचा नाय." मनोहर म्हणाला, "आईला दुखवायचं नाही मला." संपलं. एवढ्यात एका बाईच्या जन्माचा निकाल लागला, आणि आमटीला उशीर होतोय म्हणून त्या विषयावर पुन्हा कुणी बोललंही नाही.

मग ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला त्या कंपनीचे प्रयोग उपनगरांत लागायला लागले. मुलुंड, बोरिवली, पार्ले, जिथं नाट्यगृह असेल तिथं. पहिल्या प्रयोगाची तिकिटं कुंदानंच काढली. ती रिक्षातून उतरली तेव्हा मी बघतच राहिले. आईचा तोच शालू, तोच ब्लाऊज, खोप्यावर आडवी वेणी. नाटकाला बायका नटूनच जातात, त्यामुळं घरात कुणाला काही वाटलं नव्हतं. शेला, वाकी आणि नथ तिनं पिशवीत लपवून आणली होती. ते सगळं नाट्यगृहाच्या बाथरूममधल्या फुटक्या आरशापुढं चढवलं. मी म्हटलं, "अगं, वेड लागलं का तुला? लोक हसतील ना!" तर म्हणते, "मला स्टेजवर जायची बंदी आहे गं. नटायची कुठं आहे?" आणि थोडं थांबून, नथ सारखी करत म्हणाली, "कुणाचाही घसा बसू शकतो, विजू. त्या वेळी धावाधाव नको."

मला वाटलं, गंमत करतेय. नव्हती करत. पुढं तीन-चार वर्षं ती त्या नाटकाच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगाला गेली, आणि प्रत्येक वेळी तशीच, दुसऱ्या अंकाच्या पोशाखात. खुर्ची तिसऱ्या रांगेतली, कडेची. म्हणजे उठून लगेच आत जाता यावं. लोक वळून वळून बघायचे. पोरं खिदळायची. दाराशी तिकिटं फाडणारा तिला "या राणीसाहेब" म्हणायचा आणि मागं वळून डोळा मारायचा. एकदा मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत एका आगाऊ माणसानं विचारलं, "काय वहिनी, तुमची एन्ट्री कधी?" कुंदानं शांतपणे सांगितलं, "दुसऱ्या अंकात." तो हसला, मलाही हसू आलं, पण ती हसली नाही. तिच्या चाळीतल्या बायका म्हणायच्या, मूलबाळ नाही म्हणून हे असले छंद. काहीही झालं तरी कारण पोटातच शोधायचं, ही आपली जुनी खोड. मी मात्र तिच्या शेजारी बसून बघत होते. पद सुरू व्हायच्या आधी स्टेजवरची बाई श्वास घ्यायची, तेव्हा कुंदाही घ्यायची. मग तिचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ... पद संपेपर्यंत.

बोरिवलीचा तो प्रयोग रविवारी दुपारी होता. कंपनी नाशिकचा दौरा करून परस्पर तिथंच आली होती. पहिल्याच पदात नायिकेचा आवाज फुटला. तिनं सावरलं, पण पुढं पुढं खाकरायला लागली, वरच्या जागा सोडून द्यायला लागली. कुंदानं माझा हात धरला.  अंक संपला, दिवे लागले आणि मध्यंतर लांबायला लागलं. लोक टाळ्या वाजवून चुळबुळ करायला लागले. तेवढ्यात कंपनीचे व्यवस्थापक बाजूच्या दारानं प्रेक्षागृहात आले, इकडंतिकडं बघितलं आणि सरळ आमच्या रांगेपाशी येऊन उभे राहिले. कुंदाकडं वाकून म्हणाले, "बाई, जरा आत येता का? अडचण आहे."

कुंदा उठली. पर्स माझ्याकडं दिली, शेला नीट केला. मी मागोमाग गेले. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा हुरळून गेले होते. मनात म्हटलं, देवा, इतकी वर्षं ही वेडी तयार बसली, शेवटी पावलास. मेकअपच्या खोलीत नायिका स्टुलावर बसून गरम पाण्याचे घोट घेत होती. व्यवस्थापक म्हणाले, "बाई, तुम्ही नेहमी येता. आम्ही सगळे ओळखतो तुम्हाला."

कुंदा म्हणाली, "पदं सगळी पाठ आहेत माझी. गद्यही. काळी चार पट्टीत गाते मी."

ते गोंधळले. नायिकेनंही ग्लास खाली घेतला. "नाही, नाही, गाण्याचं नाही हो," ते म्हणाले. "गाणं त्या निभावून नेतील. आमची ड्रेपरीची एक ट्रंक नाशिकलाच राहिलीय. आता उघडून बघतो तर यांचा दुसऱ्या अंकाचा सगळा ड्रेस त्यातच... आणि तुमच्या अंगावर, म्हणजे अगदी डिट्टो..."

 माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "चल कुंदा, घरी चल. हे काय कपड्यांचं दुकान आहे?" पण ती नथ काढायलाही लागली होती. "असू दे विजू," म्हणाली. "नाटक अडेल."

तिनं एकेक करून सगळं उतरवून दिलं. वाकी, शेला, आईचा शालू. नायिका चांगली बाई होती, पुन्हा पुन्हा "ताई, माफ करा हं" म्हणत होती. ती अंगानं भरलेली, ब्लाऊज तिला शिरेना. तेव्हा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईनं ब्लेड घेऊन दोन्ही बाजूंच्या शिवणी टराटरा उसवल्या, आत दुमडलेलं कापड मोकळं केलं आणि अंगावरच दोन टाके घातले. कुंदाला नेसायला दिली नायिकेची फुलाफुलांची सुती साडी. घंटा झाली आणि सगळे निघून गेले. व्यवस्थापक जाता जाता म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा ना, तुमची खुर्ची आहे." कुंदा म्हणाली, "आता बाहेर कशाला?" आणि त्याच स्टुलावर बसली. आरशाभोवतीचे बल्ब तसेच जळत होते. भिंतीपलीकडून ऑर्गन ऐकू येत होता. दरबाराचं पद आलं. बसलेल्या गळ्यानं ती बाई कसंबसं ओढत होती, एका तानेत चक्क थांबली, आणि तरी टाळ्या पडल्या. वन्समोर आला. मी कुंदाकडं बघत होते. तिचे ओठ हलले नाहीत.

शेवटी पडद्यासमोर येऊन व्यवस्थापकांनी "आमच्या एका रसिक भगिनीचे" आभार मानले. तिचं नाव विचारायचंच राहून गेलं होतं त्यांच्याकडून. परतताना रिक्षात ती उसवलेल्या ब्लाऊजवर शेला गच्च लपेटून बसली होती. शालूला दुसरीच्या पावडरीचा वास येत होता. पवई मागं पडल्यावर एकदाच म्हणाली, "विजू, मला वाटलं होतं..." मग शेला आणखी ओढून घेतला.

बातमी आमच्याआधी घाटकोपरला पोचली असावी. चाळीतलं कुणीतरी त्या प्रयोगाला होतं. मला वाटलं, आता सासूबाई घर डोक्यावर घेणार. पण झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी म्हातारी दारोदार सांगत सुटली, "माझ्या सुनेचो शालू नाटकात गेलो गो! नटीन नेसलो!" बायका बघायला यायला लागल्या. सासूबाई हाक मारायच्या, कुंदा कपाटातून शालू काढून पलंगावर पसरायची, बायका काठावरून हात फिरवायच्या, कुंदा घडी घालून परत ठेवायची. सून स्टेजवर गेली असती तर या घराला तोंड दाखवायला जागा उरली नसती. शालू गेला तर पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. हे मी मनोहरला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या हो विजूताई, आई खूश आहे ना."

त्यानंतर कुंदा एकाही नाटकाला गेली नाही. पोळ्या लाटताना गायची, तेही बंद झालं. मी खूप मागं लागले, भांडले. एकदा तिकिटं काढून तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "नको गं. तयार राहायचा कंटाळा आला." एवढ्या साध्या आवाजात म्हणाली की मी तशीच परत फिरले. घरी येऊन मी ती तिकिटं चुलीत घातली.

यंदा कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग पथ्यं झाली आणि हॉस्पिटलात नेलं तोवर फार उशीर झाला होता. शेवटची भेटले तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. शेजारच्या कॉटवरची म्हातारी झोपेत कण्हत होती. कुंदानं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "विजू, मी वाईट गात नव्हते ना गं?"

"नाही गं," मी म्हटलं. "वाईट कशाला गाशील तू?"

"मग?"

  काहीतरी करायचं म्हणून मी मोसंबं सोलत राहिले. तिनं कूस बदलली.

सवाष्ण गेली, म्हणून तिला नटवायचं होतं. मी पोचले तेव्हा अंघोळ झाली होती आणि सासूबाई शालूची पिशवी घेऊन उभ्या होत्या. "ह्योच नेसवा तिका. लय आवडायचो," म्हणाल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. ते रडणं खरं होतं, तेच मला सहन होईना. त्यांना खरंच काही कळलेलं नव्हतं. मी पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, "मावशी, हा नको. आता तरी नको." बायका माझ्याकडं बघायला लागल्या. कपाटात एक नवीन हिरवी साडी होती, ती आम्ही नेसवली. कुंकू लावलं, वेणी घातली, ओटी भरली. ती छान दिसत होती... आणि त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

तेराव्याला सासूबाईंनी शालूची पिशवी माझ्याच हातात दिली. गेल्या आठवड्यात मी ती उघडली. शालू धुतलेला, इस्त्री केलेला. ब्लाऊज मात्र तसाच आहे, दोन्ही बाजूंनी सैल, त्या बाईच्या मापाचे कच्चे टाके अजून तसेच. कुंदानं तो पुन्हा आपल्या मापाचा करून घेतलाच नव्हता. कापड उजेडात धरलं तर आतल्या बाजूला सुईच्या बारीक भोकांची ओळ दिसते. तिच्या आईनं घातलेली पहिली शिवण तिथून गेली होती. कुंदा तेवढीच होती, त्या ओळीच्या आत मावणारी. मी सुईत दोरा ओवला, ओळीवरून पहिला टाका घातला, दुसरा घातला. मग मनात आलं, शिवून झाल्यावर हा कुणाच्या अंगात घालायचा, आणि सुई तशीच टोचून ठेवली.