हरलेल्या फायनलचा गुलाल

आधी माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कधी बरोबर येत नाही, आणि अक्षर असं की वाण्याला चिठ्ठी दिली तर तो म्हणतो, "बाई, तुम्हीच वाचून दाखवा." तसं हे कोणी वाचणार नाही. भाचीनं अर्धी वही कोरी टाकून दिली आणि मला कोरी पानं रद्दीत घालवत नाहीत, म्हणून लिहायला बसले. पण काहीही सुरू करायच्या आधी माफी मागायची मला सवयच आहे. बसमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला तरी मीच सरकून घेते.

माझी शाळा चौथीत सुटली. वडील नव्हते, आई धुण्याभांड्याला जायची, घरी पाणी भरायला कोणीतरी हवं होतं. दादाला मात्र शाळेत ठेवलं. तो शाळेत कमी आणि फुटबॉलच्या मैदानावर जास्त असायचा. स्वतः तो कधी खेळला नाही. त्याचं काम ओरडायचं. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेचा संघ खेळायचा आणि दादा ओरडायचा, आणि ओरडण्याचं काम खेळण्यापेक्षा मोठं आहे असं त्याच्या तालमीतल्या, म्हणजे पेठेच्या मंडळातल्या, सगळ्यांचं मत होतं.

मी मोठी झाल्यावर शिरोलीला एका फौंड्रीत लागले. लोखंड ओततात तेव्हा आत पोकळी राहावी म्हणून वाळूचे गोळे करून साच्यात ठेवतात, त्यांना कोअर म्हणतात. ते भरायला आम्ही पाच पोरी होतो. दिवसभर हात वाळूत. त्याच सुमाराला गल्लीत केबल आली आणि केबलवर तो गाणारा आला. सिनेमातला नव्हे, नुसता गाणारा. लांब केस, एका कानात बाळी, काळं जाकीट. गाणं हिंदी, अर्धं आम्हाला कळायचं नाही, पण कोअर भरताना एकीनं सुरू केलं की पाचही जणी म्हणायच्या. मी बोलत नव्हते कोणाशी, पण गात होते. माझ्या मैत्रिणीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातातला कोअर पडून फुटला.

"अगं, तुला आवाज हाय की!" ती म्हणाली. "मला वाटलं तू मुकी हायस. वर्षभर मी तुझ्याशी खुणंनं बोलतीया."

ही मैत्रीण आमच्याच गल्लीतली. तिच्यात माझ्यासकट सगळ्यांचा आवाज भरलेला होता.

त्या गाणाऱ्याचं एक मोठं चित्र मी राजारामपुरीतून आणलं आणि कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवलं. दार उघडलं की तो, बंद केलं की कोणी नाही. आठवडाभर बरं चाललं. मग आईनं साडी काढायला कपाट उघडलं आणि ती किंचाळली. तिला वाटलं आत माणूस शिरला.

त्या संध्याकाळी घरात कोर्ट भरलं. शेजारच्या काकू न बोलावता आल्या. दादा मध्ये उभा राहिला.

"ह्यो कोण?"

मी कपाटाचं दार हळूच लोटलं. त्यानं परत उघडलं.

"ह्यो काय आपल्या घरी भाकरी आणून देणार हाय? ह्येला तू ठावं तरी हायस का?"

काकू म्हणाल्या, "केस बघा की. बापई हाय का बाई?"

आई म्हणाली, "पोरींची डोकी फिरल्यात. कामाला पाठवलं आन् ही थेरं शिकली."

दादानं चित्र ओढून काढलं. तो ज्या भिंतीपुढं उभा होता, तिथं देवाच्या फोटोशेजारी पेठेच्या संघाचा फोटो होता. त्याला ताजा हार होता. तो हार रोज सकाळी मीच घालायची. त्या फोटोतल्या अकरा जणांपैकी एकानंही आमच्या घरी कधी भाकरी आणून दिली नव्हती. हे मला तेव्हाच सुचलं होतं, पण माझ्या घशात आलेली वाक्यं तिथंच मुक्काम करायची.

आदल्याच वर्षी संघ हरला होता. तेव्हा दादानं मुंडण केलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. दोन दिवस जेवला नाही. शेजारपाजारचे येऊन बसून गेले. याच काकूंनी पिठलं-भाकरी झाकून आणली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "धीर धर रं लेका. पुढल्या वर्षी हाय की." आई येईल त्याला सांगत होती, "नाद हाय पोराला. मर्दाला नाद पायजेच." मला वाटलं आता दहाव्याची तयारी करायला लागणार.

पुढं थंडीत बातमी आली. तो गाणारा कोल्हापूरला येणार, मोठ्या मैदानावर त्याचा कार्यक्रम. रिक्षातून भोंग्यावर ओरडत गेले. मी नळावर होते. घागर भरून वाहत राहिली. दुसऱ्या दिवशी कोअर भरता भरता आम्ही पाच जणींनी भिशी लावली. दर पगाराला प्रत्येकीनं ठरलेले पैसे काढायचे, सगळ्यांची तिकिटं एकदम आणायची. पैसे ठेवायचे कोणाकडं? सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मैत्रीण म्हणाली, "हिच्या तोंडातनं नाव फुटत न्हाई, पैसं काय फुटणार!"

मला आयुष्यात कोणी काही सांभाळायला दिलं नव्हतं. मी ते पैसे जर्मनच्या डब्यात, ज्वारीच्या खाली पुरले. भाकरीला पीठ संपलं तरी त्या डब्यातली ज्वारी दळायला देत नव्हते. आईच्या ध्यानात आलंच असणार.

कार्यक्रम रविवारी होता. सोमवारी पगार झाला की मंगळवारी तिकिटं आणायची, असं ठरलं. त्याच्या आदल्या रविवारी पेठेच्या संघाची फायनल होती. आमच्या गावात फायनलच्या दिवशी गुलालाचा भाव चढतो. दादानं डोकं चालवलं: शनिवारीच गुलाल घेऊन ठेवायचा, जिंकल्यावर तालमीची वर्गणी जमते, त्यातनं पैसे परत. त्यात त्याला कुठंच भोक दिसलं नाही. पैसे कमी पडत होते, ते आईनं ज्वारीच्या डब्यातनं काढून दिले. मी कामावर होते.

रविवारी संघ हरला.

जिंकल्यावर वर्गणी द्यायला सगळी पेठ येते. हरल्यावर कोणी ओळखही देत नाही. गुलालाची पोती आमच्या घरात येऊन पडली. एवढ्याशा घरात कुठं ठेवणार? एक चुलीपाशी, एक माझ्या अंथरुणाशी, बाकीची दारामागं. दादानं मुंडण केलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. मी ज्वारीच्या डब्यात हात घातला. कोपरापर्यंत घातला. मग ज्वारी परातीत ओतली. नुसती ज्वारीच होती.

आई म्हणाली, "आता तुझं सुरू करू नगंस. पोरगं आधीच उपाशी हाय. पेठेचं काम हुतं ते. तुमचं काय, नाचगाणंच की."

सोमवारी कंपनीच्या गाडीत मी मैत्रिणीशेजारी बसले. गुलाल असा असतो की पोतं बंद असलं तरी तो घरभर फिरतो.

"तुझं कान गुलाबी कशानं झाल्यात?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "आजचं पैसं आलं की उद्या जायाचं न्हवं तिकिटाला?"

मला रडू आलं. शिरोली येईपर्यंत मी तुकड्या-तुकड्यानं सगळं सांगितलं. चौघी खिडकीबाहेर बघायला लागल्या. कोणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. एकजण हळूच म्हणाली, "माझ्या भावानं बी असंच केलं असतं." तेवढंच. पण दिवसभर कोअर भरताना कोणी गायलं नाही, आणि माझ्याकडं कोणी काही ठेवायला देण्याची ती पहिली नि शेवटची वेळ, असं मी मनात धरून टाकलं.

सुटीच्या वेळी मैत्रीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्यो गुलाल कुणाचा?"

"पेठेचा," मी म्हणाले.

"पैसं कुणाचं?"

"आपलं."

"मग गुलाल कुणाचा?"

रविवारी संध्याकाळी आम्ही पाच जणी आपापले जेवणाचे डबे घेऊन मैदानाकडं गेलो. डब्यात भाकरी नव्हती. आई देवळात गेली होती आणि दादा अजून लाजेनं घराबाहेर पडत नव्हता, पण भिंतीकडंच तोंड असल्यामुळं त्याला मागचं काही दिसलं नाही.

मैदानाला पत्र्याचं कुंपण होतं. आत जाता येणार नव्हतं. आम्ही भेळेच्या गाड्यापाशी उभ्या राहिलो. तिथून फक्त झाडांच्या शेंड्यांवर पडणारा लाल-निळा उजेड दिसत होता. मग त्याचा आवाज आला. कपाटातल्या माणसाचा आवाज, खराखुरा, पत्र्याच्या पलीकडून. त्यानं आमचं गाणं सुरू केलं, जे आम्ही वाळूत हात घालून गात होतो ते. मैत्रिणीनं डबा उघडला आणि मूठभर गुलाल आभाळात फेकला.

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी ओरडत होते. माझाच आवाज आहे हे मला जरा वेळानं कळलं. पाची जणींचे डबे रिकामे होत होते. भेळवाला ओरडत होता, "अवो बायांनो, माझं चुरमुरं! अवो, लोकं खाणार कसं ह्ये!" रस्त्यावरची एक स्कूटर थांबली. मागं एक रिक्षा थांबली. कोल्हापुरात गुलाल उधळलेला दिसला की माणूस कारण विचारायच्या आधी नाचायला लागतो. बघता बघता वीस-पंचवीस बापे आमच्याभोवती हात वर करून नाचायला लागले.

स्कूटरवाला नाचता नाचता शेजारच्याला म्हणाला, "पावणं, कोण निवडून आलं?"

"मला काय ठावं? मी तुमचं बघून आलो."

मग एक हवालदार काठी आपटत आला. "काय चाललंय? कुणाची मिरवणूक? परवानगी हाय?"

सगळे बापे आमच्याकडं बघायला लागले. मैत्रिणीला चुरमुऱ्यानं ठसका लागला होता, कारण भेळवाल्यानं चिडून गुलाबी भेळ तिच्याच हातात कोंबली होती. म्हणून मी बोलले.

"आमचा गाणारा आलाय," मी म्हणाले. "त्याचा गुलाल हाय."

"गाणारा?" हवालदार म्हणाला. "गाणाऱ्याला कुठं गुलाल असतो?"

स्कूटरवाल्याचा चेहरा पडला. तो अंग झाडत म्हणाला, "आयला, पोरींच्या नादाला लागून नवा शर्ट घालवला." पण गाणं अजून चालू होतं, आणि त्यातले निम्मे तरी संपेपर्यंत नाचले.

दुसऱ्या दिवशी पेठेत तोंड दाखवायला जागा नव्हती. तालमीतले चार जण दादाला भेटायला आले. पेठेचा गुलाल बायकांनी एका गाणाऱ्यावर उधळला! काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाईच्या जातीनं गुलाल फेकायचा म्हंजी जगबुडीच की." दादा सबंध आठवड्यात पहिल्यांदा भिंतीकडून वळला.

"गुलालाचा अपमान केलासा तुम्ही. इज्जत घालवलीस पेठेची."

मी पाण्याची घागर खाली ठेवली. घसा अजून बसलेला होता, त्यामुळं जे निघालं ते घोगरं निघालं.

"दादा, गुलाल पाच जणींचा हुता. त्यांचं पैसं दे, मग बोल."

तालमीतले चौघे दादाकडं बघायला लागले. पेठेच्या गुलालाला पोरींचे पैसे लागले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यातला थोरला हळूच म्हणाला, "मर्दा, भैनीचं पैसं?" दादा पुन्हा भिंतीकडं वळला. पण वळता वळता म्हणाला, "देतो."

दिले त्यानं, पण कसे! संघ जिंकला की थोडे मिळायचे, हरला की नाही. एकदा पैशांऐवजी सामन्याचं तिकीट पुढं केलं; मी घेतलं नाही. एकदा नारळ आणले आणि त्यांची किंमत वळती कर म्हणाला. तेही घेतलं नाही. आईच पुढं पुढं त्याला टोचायला लागली, "पोरीचं आधी दे." जे येतील ते मी चौघींना वाटून देत गेले. त्या एकेक करून लग्न होऊन गेल्या, मी घरातच राहिले. मैत्रीण आजऱ्याला गेली, तिथं सासरी काजू फोडायला बसायची. तिचे शेवटचे पैसे द्यायला मी एसटीनं गेले. सासूनं विचारलं, "कसलं पैसं हो?" मैत्रीण म्हणाली, "मी बाहेरनं गाणं ऐकलंतं, त्याचं आत बसायचं तिकीट." आणि घरभर ऐकू जाईल असं ते गाणं म्हणाली. मला वाटतं अजूनही तिच्या घरात कोणाला काही कळलेलं नाही.

माझा हिस्सा तेवढा राहिला. मी मागितला नाही, तो विसरला.

मग दादाची मुलगी मोठी झाली. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या होत्या, मोबाईलवरून मत द्यायचं. तिला त्यातला एक पोरगा आवडला. लांब केस, एका कानात बाळी. काकू म्हाताऱ्या झाल्या होत्या तरी आल्याच. "बापई हाय का बाई?" भाचीनं अर्ध्या वहीत पानापानावर त्याचं नाव लिहिलं. ती हीच वही.

पहिले दोन आठवडे दादा ओरडला. तिसऱ्या आठवड्यात त्याला कळलं की दुसऱ्या कुठल्यातरी गावचा पोरगा मतांत पुढं आहे. झालं. तो तालमीत गेला, फलक रंगवून आणला, घरोघरी फिरून लोकांच्या मोबाईलवरून मतं टाकायला लागला. माझाही फोन घेतला आणि बॅलन्स संपवला. शेवटी तो लांब केसांचा पोरगा बाहेर पडला. भाची उशीत तोंड खुपसून रडली. काकू म्हणाल्या, "कोण कुठला पोरगा, ह्या पोरीला काय वेड लागलंय?"

दादा भिंतीकडं तोंड करून झोपला होता. तिकडूनच म्हणाला, "काकू, गप बसा. नाद हाय तिला."

मी चुलीपाशी होते. माझ्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली. दादाला मी दिसत नव्हते, मला त्याची पाठ दिसत होती. मग तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला. आला तेव्हा हातात नोटा होत्या. त्यानं त्या परातीशेजारी ठेवल्या.

"तुझा हिस्सा. आन् फोनचा बॅलन्स बी त्यातच हाय. मोज."

मी पिठाचे हात पुसले आणि त्याच्यासमोर मोजले. एकदा मोजून मन भरलं नाही, म्हणून पुन्हा मोजले. मोजून होईपर्यंत तो उभा राहिला. सगळे बरोबर होते. एक रुपया कमी नाही.