तिच्या ओसरीवर सांगायचा विनोद

निवडणुकीत सभा हसवायची असली की घनसावंगीकडच्या आमच्या गावांत मलाच बोलावतात. मंडप-स्पीकरचा धंदा माझा, माईक माझा आणि जीभही माझीच. उमेदवाराच्या आधी मी बोलतो आणि विरोधकाची यथेच्छ खिल्ली उडवतो. त्याचा न झालेला रस्ता, कडक इस्त्रीचे कपडे, मतदान जवळ आलं की आठवणारा नमस्कार, काही सोडत नाही. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. मत मागायला निघालेल्यानं हसूही सोसलंच पाहिजे.

गेल्या ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डातून माझा चुलतभाऊ पुन्हा उभा होता. मागच्या वेळी तो नळयोजनेच्या नावावर निवडून आला होता. या वेळी समोर एक शिकवणी घेणारी बाई होती. तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोड. बाहेर पडताना ती पदर मनगटापर्यंत ओढून घ्यायची. भावाच्या पॅनलवाल्यांनी तिच्या कोडावर एक विनोद रचला आणि संध्याकाळी चौकातल्या सभेत तो मी सांगायचा, असं ठरवून टाकलं. विनोद चांगला जमला होता, लोक नक्की हसले असते. म्हणूनच माझं डोकं सणकलं.

"हे मी बोलणार न्हाई," मी म्हणालो.

"कालपर्यंत तर कुणालाच सोडत नव्हतास," भाऊ भडकला. "बोलायचं नसंल तर वडीगोद्रीहून दुसरा स्पीकर आणतो."

"आण. पण दुपारी तिच्या घरी मत मागायला जाऊन राह्यलो ना आपण? तिथं तिच्या तोंडावर सांग. ती हसली, तर मंग माईकवर मी सांगतो."

विरोधकाच्याही दारात जाऊन हात जोडायचे आणि त्याच्या घरचा चहा प्यायचा, ही आमच्याकडची रीत. ती चुकवली तर गाव नावं ठेवतं. दुपारी आम्ही तिच्या ओसरीवर बसलो. कप पुढे करताना तिचा पदर मागे सरकला आणि भावाची नजर तिच्या हातावर गेली. मी त्याला कोपरानं ढोसलं.

"दादा, सांग ना ते."

भाऊ कपात बघत बसला. त्याला घाम फुटला होता.

"काय सांगायचंय?" तिनं विचारलं.

"चहा चांगला झालाय, ताई," तो कसाबसा म्हणाला.

"होणारच की. विहिरीच्या पाण्याचा हाय. तुमच्या नळाची वाट बघितली असती, तर पुढच्या निवडणुकीलाच पाजला असता."

मी खो खो हसलो. पॅनलवाले माना खाली घालून हसले. शेवटी कान लाल झालेला भाऊही हसला. घाव बराबर जागेवर बसला होता, तोही त्याला समोर बसवून, हातात चहा देऊन. कोड तिनं मागून घेतलं नव्हतं. नळ मात्र यानंच कोरडा ठेवला होता. एवढा फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात मी माझा माईक देत नाही.

संध्याकाळी वडीगोद्रीचा स्पीकर आला नाही. तिच्या घरासमोरच्याच चौकात सभा भरली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावानं माईक माझ्याकडून हिसकून घेतला. आता हा तोच विनोद सांगणार, म्हणून मी स्पीकरचं बटण बंद करायला वाकलो.

"आज ताईच्या घरी चहा पेलो," तो म्हणाला. "बिलकुल मस्त लागला. माझ्या नळाचं पाणी नव्हतं ना त्यात."

माझ्या कुठल्याही विनोदाला सभा इतकी हसली नव्हती. समोर ओसरीवर ती उभी होती. हसू आवरेना म्हणून तिनं तोंडावर हात धरला होता, आणि पदर कोपरापर्यंत घसरला होता.