एक स्टॉप जास्त
फिल्मच्या जुन्या डब्याचं झाकण उघडलं, आंबट वास आला आणि कोंढा गावाजवळची ती धानाची बांधी, बांध घातलेलं शेत, आठवली. तिथं चित्रीकरण होतं आणि मी तेव्हा कॅमेरामनचा सहायक होतो. मोहाच्या सावलीत बसलेल्या एका बाईच्या चेहऱ्यापुढे मी लाइट मीटर धरला, तशी ती मागे सरकली. "काय मोजून राहिला? असेच मोजायले आले होते लोक, मंग आमचं अर्धं वावर गेलं." हे उजेड मोजायचं यंत्र आहे, असं मी सांगितलं. "उजेड कोन मोजते?" ती म्हणाली, "माहा फोटो घेऊ नका." कॅमेरामननं हात जोडून ते कबूल केलं आणि पाणी टिपायचं सांगून कॅमेरा दूर तलावाच्या पलीकडच्या पाळीवर नेला. तिथं त्यानं माझ्याकडे सगळ्यात लांब पल्ल्याची लेन्स मागितली. नुसतं पाणी टिपायला ही कशाला, असा मला संशय आला. मग तो हळूच म्हणाला, "मीटर सांगतो त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उघड." पाणी लखलखत असताना निगेटिव्हवर असा दुप्पट उजेड घ्यायचं कारण एकच होतं, त्याला सावलीतला चेहरा हवा होता. मी लेन्स एक स्टॉप जास्त उघडली. परतताना त्या बाईनं मला थांबवलं. "मले घेतलं नाई ना?" मी नाही म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि उठून बांधीत उतरली. पुढं निगेटिव्ह धुऊन आली, तेव्हा तिच्या कपाळावरची रेघन्‌रेघ उमटली होती आणि नजर थेट लेन्सकडे होती. म्हणजे मला विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. त्या दृश्याचं आजही कौतुक होतं. मला मात्र ते शेवटपर्यंत बघवत नाही.