सोडायचं राहिलेलं पथ्य

माझं अपेंडिक्स काढायला पाऊण तास लागला. त्यानंतर मी तीन महिने घरात अडकून पडले.

मी एसटीत कंडक्टर. रत्नागिरी ते देवरूख, दिवसातून दोन फेऱ्या. पन्नास-साठ माणसांना ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणत दामटणारी बाई मी, आणि आता घराच्या मागीलदारी असलेल्या संडासापासून चाळीस पावलांच्या आत जगत होते. ऑपरेशन साधंच होतं. पण टाक्यांत पू झाला, म्हणून अँटिबायोटिक्सचा एक कोर्स झाला, मग दुसरा. जखम भरली आणि पोट बिघडलं. कसं बिघडलं ते चारचौघांत सांगायचं नसतं, पण लपवून तरी काय करू? सकाळी पाच-सहा वेळा, आणि मग दिवसभर कधीही, आगाऊ सूचना न देता.

आमचं घर मांडवीला. बंदरावर पोचायला सात मिनिटं, परतायला सात. चौदा मिनिटांचा भरवसाही माझं पोट देईना. एकदा धीर करून निघाले, तर वाटेत ओळखीची बाई भेटली आणि ‘बरं आहे ना आता?’ म्हणून ऐसपैस उभी राहिली. मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि चपला हातात घेऊन घराकडे पळाले. त्यानंतर मी बाहेर पडायचं सोडूनच दिलं.

घरात मी आणि सासूबाई, दोघीच. नवरा बोटीवर, नऊ-नऊ महिने समुद्रात. त्याचा फोन आला की तो पहिलं विचारायचा, ‘आईचं ऐकतेस ना?’ ऐकत होते. न ऐकून सांगते कोणाला! दवाखान्यातून आल्या दिवशीच सासूबाईंनी पथ्य घातलं होतं. ‘आंबट खायाचा नाय. टाके पिकतात.’ म्हणजे ताक बंद, दही बंद, सोलकढी, लोणचं, कैरी, आमटीतलं आमसूलसुद्धा बंद. आंबा उष्ण, म्हणून तोही नाही. माझ्या पलंगाखाली पावसहून आलेल्या हापूसची आढी घातलेली, खोलीभर वास, आणि मी वर बसून मऊ भाताची पेज ओरपतेय. त्या वासानं मला अक्षरशः रडू यायचं.

त्या पथ्याला शेवटची तारीख नव्हती. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मी सांगेन तेवा सोडायचा.’ आमच्याकडे ज्यानं पथ्य घातलं, त्यानंच ते सोडवायचं असतं. आपल्या मनानं सोडलं तर बाधतं म्हणतात. मी दारुड्यांना कॉलर धरून खाली उतरवलेलं आहे, पण स्वयंपाकघरात जाऊन वाटीभर ताक चोरून प्यायची हिंमत मला झाली नाही. आधीच पोट असं; खरंच बाधलं तर?

रजा संपत आली. डेपोतून फोन आला, जमत नसेल तर टेबलाचं काम घ्या. त्यांनी भल्यासाठीच सांगितलं. पण लग्न झाल्यापासून माझी स्वतःची अशी एकच गोष्ट होती. सकाळी सव्वासहाला डबल घंटी मारायची आणि या घरापासून लांब जायचं. ती गेली असती तर मी कायमची चार भिंतींत गेले असते. आदल्या संध्याकाळपासून काही न खाता, रिक्षानं मी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी तपासण्या केल्या. जंतुसंसर्ग वगैरे काही निघालं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. आतड्यात कोट्यवधी जीवाणू राहतात, त्यांतले बहुतेक आपल्या कामाचे. अँटिबायोटिक्स वाइटांबरोबर चांगल्यांनाही मारतात. मी विचारलं, ‘पण मग ते परत येत नाहीत?’

‘येतात, हळूहळू. काही शास्त्रज्ञ म्हणतात, अपेंडिक्स हे त्यांचं कोठार असावं. शेतकरी बियाणं बाजूला ठेवतो ना, तसं. आतडं धुऊन निघालं की तिथून पुन्हा पेरणी. आम्हाला तर शिकवलं होतं की तो निरुपयोगी अवयव आहे. अजून नक्की काही नाही हं. अपेंडिक्स काढलेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, आणि तुमचं काढलं नसतं तर तुम्ही आज इथे बसला नसता. तुमच्याकडे मुख्य दोष त्या दोन कोर्सचा वाटतो.’ मग त्यांनी विचारलं, ‘जेवणात काय असतं?’

‘पेज.’

‘आणि?’

‘पेजच. आंबट बंद आहे ना.’

‘कोणी बंद केलं? मी तर दोन दिवस हलकं खा म्हटलं होतं. ताक, दही घ्या, भाज्या खा, हळूहळू सगळं सुरू करा. पेजेवर ते बिचारे जीवाणू जगणार कसे?’

रिक्षात बसल्यापासून माझं डोकं तापत गेलं. तीन महिने! घरात पाऊल टाकलं ते भांडायलाच. सासूबाई नारळ खवत होत्या. मी म्हटलं, ‘डॉक्टरांनी ताक प्यायला सांगितलंय. तुमच्या पथ्यापायी मी सडले इथं.’

‘मी सोडलेला नाय अजून,’ त्या खवणीवरून न उठता म्हणाल्या.

मग माझा तोल गेला. ‘तुम्हाला काय त्याचं! तुम्हाला कुठे उंबरा ओलांडायची हौस आहे? स्वतःच्या आईच्या दिवसांनासुद्धा गेला नाहीत तुम्ही!’

हे सगळ्या नात्यात बोललं जायचं, पण त्यांच्या तोंडावर कोणी बोललेलं नव्हतं. त्या खवणीवरून उठल्या, हात पुसले आणि कमरेचं लुगडं थोडं खाली सरकवलं. पोटाच्या उजव्या बाजूला वण होता, माझ्यापेक्षा चौपट लांब, अंगठ्याएवढा रुंद.

‘माजा पण काढलेला हाय. तेवीस वर्षांची होते. सासूनं पथ्य घातलान, आंबट खायाचा नाय. आठ महिन्यांनी सासू गेली. मग सोडणार कोण?’

मला आधी कळेचना. अठरा वर्षं मी त्यांना वाढतेय. आमसूल घातलेल्या आमटीला त्या हात लावत नाहीत, आवडत नसेल म्हणून मी त्यांची वाटी वेगळी काढायचे. आवडीचा प्रश्नच नव्हता. त्या पन्नास वर्षं पथ्यावर होत्या.

‘पोट तेवापासना असाच,’ त्या म्हणाल्या. ‘आये गेल्याचा निरोप आला तेवा भाऊ न्यायला आलेला. तीनदा लुगडा बदलला मी. गाडीची वेळ झाली. पुरुषमाणसाला काय सांगू? सांगितला, मना यायचा नाय.’

मला त्या क्षणी माझीच किळस आली. त्या आत गेल्या आणि पेलाभर ताक घेऊन आल्या, वर मिठाची चिमूट. ‘पी. सोडलाय तुजा.’

मी प्यायले. मग म्हटलं, ‘आता तुम्ही घ्या. मी सोडते तुमचं.’

‘धाकट्यांनी सोडायचा नसता,’ त्या म्हणाल्या आणि माझा रिकामा पेला विसळायला घेऊन गेल्या.

दीड महिन्यानं मी ड्युटीवर रुजू झाले. ताकानं बरं वाटलं की नुसता वेळ गेला म्हणून, हे डॉक्टरीणबाईही छातीठोक सांगत नाहीत. सासूबाईंचं पोट अपेंडिक्समुळे बिघडलं का, तेही तपासल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणतात, आणि सासूबाई तपासायला जात नाहीत.

त्यांचं माहेर देवरूखच्या अलीकडे. माझी गाडी रोज त्या फाट्यावरून जाते. परवा मी त्यांना म्हटलं, ‘चला एकदा. माझ्या शेजारच्या सीटवर बसा. वाटेत वाटलं तर नुसतं सांगा, मी घंटी मारीन.’

‘मधीच गाडी थांबवशील?’

‘थांबवीन.’

‘आन गाडीतली माणसा?’

‘बसतील गप.’

त्यांनी खरोखर विचार केला. मला वाटलं, येतात आता.

‘जाता आला असता गो,’ त्या म्हणाल्या. ‘पण आता तिकडं माजा कोण हाय?’